डाव्या गालातली वस्ती

आम्ही इथले जुने. सुकुमार मगदूमच्या तोंडात पहिला दात आला, त्याच्याही आधीपासून आम्ही इथे आहोत. हिरड्यांच्या कडेला, जिभेच्या खरखरीत पाठीवर, गालाच्या आतल्या ओल्या भिंतीवर. डोळ्यांना न दिसणारे जंतू. जंतू म्हणताना तुम्ही तोंड वाकडं करता. त्या वाकड्या तोंडातही आम्हीच असतो.

सुकुमारचं मन आम्हाला कळत नाही. तोंडातून कुठलं वाक्य बाहेर पडलं आणि कुठलं दातांपर्यंत येऊन मागे फिरलं, एवढंच कळतं.

मागे फिरलेली जास्त.

तो निपाणीतला तंबाखूचा व्यापारी. वखारीत नवा माल आला की तंबाखूनं गच्च भरलेलं पोतं, म्हणजे बोद, फोडायचं, चिमूटभर तंबाखू डाव्या गालात सारायची आणि डोळे मिटायचे. आलेले व्यापारी गप्प. हमाल गप्प. मग सुकुमार गावाचं नाव घ्यायचा.

"जत्राट. विहिरीच्या पाण्यावरची."

किंवा, "अकोळ. खत जास्त झालंय, जळजळ बघा कशी उठत्या."

चुकत नसे. लोक म्हणायचे, मगदूमांची जीभ. जिभेचं काही नव्हतं. लाळ सुटायची, पानाचा अर्क तिच्यात उतरायचा, ती जिभेवर पसरायची आणि नाव जिभेचं व्हायचं. आमच्यावर मात्र रोज विष ओतलं जायचं. तरी लाळ यायची आणि धुऊन न्यायची. आम्ही टिकलो ते त्या लाळेमुळे. त्याच्यामुळे नव्हे. तो आम्हाला कधीच आवडला नाही.

आता ते पाण्याचं.

चातुर्मास चालू होता. जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, मुनिमहाराजांचं प्रवचन, विषय त्यागाचा. एकेक जण उठून काहीतरी सोडत होता. कुणी बटाटा सोडला, कुणी बाहेरचं खाणं, एकानं मोबाइलवरचे खेळ. सुकुमार पुढच्या रांगेत बसला होता.

"मगदूम, तुमचं काय?" महाराजांनी विचारलं.

काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांच्या बाजूला त्याची बायको ब्राह्मी पदर ओठांना लावून बसली होती. पाण्यातला बारीक जीव मरू नये म्हणून घरातल्या प्रत्येक नळाला फडकं बांधणारा हा माणूस. वखारीतून बोदं निघतात ती कुठल्या तोंडांत जातात, हे ती त्याला लग्नापासून विचारत आली होती.

'तंबाखू' हा शब्द आमच्यापर्यंत आला. जीभ वर उचललीसुद्धा गेली. मग तो शब्द मागे फिरला आणि दुसरंच बाहेर पडलं.

"सूर्य मावळल्यावर पाणी सोडलं, महाराज. जन्मभर. जेवण आधीच सोडलंय."

"चांगलं आहे. पण आजारपणाची सूट ठेवून व्रत घ्या. शरीराचा भरवसा नसतो."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सुटला स्वस्तात."

सुकुमारनं ते ऐकलं. त्याचे दात एकमेकांवर आवळले गेले, आम्ही मध्ये सापडलो. बघणारी माणसं असली की तो असाच वागतो.

"सूट-बीट काय नको, महाराज."

घरी जाताना ब्राह्मी चालत चालत बोलत होती, त्याच्याकडे न बघता.

"पाणी सोडलासा. तंबाखू म्हणायला जीभ जड झाल्ती व्हय?"

"गप बस."

"गप्पच हाय मी. वखारीतल्या बायका चाळण मारून खोकत्यात, मी गप्प. यल्लाप्पा गेला, मी गप्प."

यल्लाप्पा त्यांचा हमाल होता.

"यल्लाप्पा दारूनं गेला."

"यल्लाप्पा गालानं गेला. दुर्गाबाईला इचारा. नवऱ्याच्या गालाला भोक पडल्तं, चहा पाजला की बाहेर यायचा."

सुकुमारच्या डाव्या गालात चिमूट होती.


हलू नका

फोड आला तो त्याच डाव्या गालात. आधी पांढरा चट्टा. त्याला तो कळलाही नाही. आम्हाला कळला, आम्ही त्यावरच राहत होतो. मग खडबडीत झाला. मग चटणी सोसेना, मग दही सोसेना. बेळगावच्या दवाखान्यात गालाचा आतला भाग कापून काढला, मांडीची कातडी आणून लावली. आणि म्हणाले, आता किरण.

रोज गाडी. चालवायला मुलगा, वृषभ. तवंदीचा घाट, संकेश्वर, काकती, दवाखाना. पुन्हा काकती, संकेश्वर, घाट. वखार वृषभच बघू लागला होता आणि जाता-येता फोनवर भाव बोलायचा. बाप शेजारी तोंडाला रुमाल लावून.

तिथे एका टेबलावर सुकुमारला उताणं निजवायचे. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, टेबलाला करकचून आवळलेला.

"हलू नका."

तो हलत नसे. आम्हीही नाही.

आम्हाला वाटलं होतं, किरण आम्हालाच मारायला आलेत. आम्ही एकमेकांना घट्ट धरून बसलो. किरणांनी आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी कर्करोगाच्या पेशी मारल्या, आणि वाटेत कानाखालचे आणि जबड्याखालचे लाळेचे झरे मारले.

आधी लाळ घट्ट झाली. मग दोरीसारखी. सुकुमार बोटानं ती ओढून काढायचा आणि बेसिनवर झटकायचा. मग दोरीही संपली. गालाची साल निघाली, जीभ लाल झाली, भाताचं शीत काचेसारखं टोचू लागलं. आणि सगळीकडे आंबट. पूर्वी आंबट आलं की लाळ येऊन ते मोडायची. आता आलेलं आंबट जात नव्हतं.

आमच्यातले जिभेवरचे आधी गेले. मग गालावरचे. दातांच्या गुळगुळीत भिंतींवर होतो ते आम्ही थांबलो, म्हटलं लाळ येईल. या माणसाचा पहिला घोट, पहिली शिवी, पहिला खोटा शब्द, सगळं आमच्या अंगावरून गेलेलं. एवढं सांगायचं होतं की त्या दिवशी बस्तीत त्याच्या जिभेवर आलेला शब्द खरंच तंबाखू होता, आम्ही तो पाहिला, ब्राह्मीला कुणीतरी हे सांगा की तो


तोंड उघडा

मेले.

वाक्य पुरं करण्याइतकी ओलही उरली नव्हती त्यांच्यापाशी. बडबडे होते.

आता आम्ही बोलतो. आम्हीही जंतूच, आणि परके नाही. इथेच होतो, दाढांच्या खाचांत, जुन्यांनी कोपऱ्यात दाबून ठेवलेले. आम्हाला कोरडं चालतं. आंबट तर लागतंच. आम्ही साखर खातो आणि आम्ल टाकतो. त्या आम्लात दात विरघळतो. लाळ होती तोवर आमचं काही चालत नव्हतं. आता जुने नाहीत, लाळ नाही, आणि साखर तर सुकुमार स्वतः आणून देतो.

खडीसाखर. घसा कोरडा पडतो म्हणून दिवसभर एक खडा गालात. सूर्य मावळला की पाणी बंद. म्हणून मावळायच्या आधी दोन-तीन खडे जास्त. वृषभ पुडेच्या पुडे आणतो. बापाच्या तोंडात खडा असला की बाप कमी बोलतो.

मग रात्रभर एक थेंब नाही. चूळसुद्धा नाही; चूळ भरताना थेंब घशात गेला तर व्रत मोडेल. व्रत आमच्यासाठीच घेतल्यासारखं होतं.

"तोंड उघडा."

दवाखान्यातली दातांची डॉक्टर, निशा. तरुण, घाईची, नावापुरतीही गोड नाही.

सुकुमारनं तोंड उघडलं. जबडा आखडलेला, दोन बोटं जातील एवढीच फट.

"अजून."

"एवढंच हुतंय."

तिनं छोटा आरसा आत घातला. उजेड पडला. आम्ही दिसत नाही, पण आमचं काम दिसलं. हिरडीला लागून प्रत्येक दाताच्या मानेभोवती तपकिरी कडं.

"किरणांच्या आधी हे दात मी स्वतः तपासलेत," ती म्हणाली. "एकही असा नव्हता. गालात काय आहे?"

"खडीसाखर."

"काढा."

त्यानं काढून हातात धरली. तिनं कचऱ्याचा डबा पायानं पुढे सरकवला.

मग तिनं दोन काचेच्या बश्या आणून समोर ठेवल्या. झाकण लावलेल्या, आत ठिपके ठिपके. "तुमच्या तोंडातून कापसानं पुसून घेतलं होतं, आठवतंय? ते वाढवलं. ही बशी किरणांच्या आधीची. ही परवाची."

पहिलीत लहान-मोठे, नाना रंगांचे ठिपके. दुसरीत आम्ही. पांढरे, एकसारखे, काठापर्यंत.

"आधी पुष्कळ प्रकारचे होते, एकमेकांना आवर घालून होते," ती म्हणाली. "आता दोन-तीनच प्रकार उरलेत आणि तेच सगळीकडे. लाळ नाही, म्हणून हे माजलेत."

सुकुमारनं दुसरी बशी उजेडाकडे धरली.

"जीव हायत न्हवं हे?"

"हो."

"औषधानं मरणार?"

"मरायलाच पाहिजेत."

"म्हंजे माझ्या हातानं हिंसा..."

"तुमचा धंदा कसला, काका?"

वृषभ मागे उभा होता. त्यानं फोनमध्ये तोंड घातलं. सुकुमारचा एक शब्द आमच्यापर्यंत आला आणि परत गेला. रिकामाच होता.

"नीट ऐका," निशा खुर्ची पुढे ओढून म्हणाली. "रात्री दर थोड्या वेळानं पाण्याचा घोट घ्यायचा. झोपायच्या आधी चूळ, मग मी देते ते जेल दातांना. साखर बंद, तंबाखूचा वाससुद्धा बंद. नाही केलंत, तर दात कुजणार. कुजले तर उपटावे लागणार. आणि किरण बसलेल्या जबड्यात दात उपटला की ती जखम भरत नाही. हाड उघडं पडतं आणि मरतं. मग हा भाग कापायचा." तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवून कानापासून हनुवटीपर्यंत ओढलं.

"रात्री पाणी चालत न्हाय मला. व्रत हाय."

"काय?"

वृषभनं सांगितलं. सूट न ठेवल्याचंही सांगितलं, जरा अभिमानानंच.

"नीर कुडीरी," ती कानडीत ओरडली, पाणी प्या म्हणून. मग पुन्हा मराठीत आली. "पाणी प्या हो! माझी आजी चिक्कोडीची, जैन. मला व्रत सांगू नका. ज्यांनी दिलं त्यांच्याकडे जा आणि सोडवून घ्या. नाहीतर मला तुमचं तोंड दाखवायला येऊ नका, सरळ सर्जनकडे जा."


बोला

त्या दिवशी घरी तिघं ओसरीवर. दिवस मावळतीला आलेला. सुकुमार घटाघट पाणी पीत होता, मावळायच्या आतलं.

"मी सांगते," ब्राह्मी म्हणाली. "महाराज तवंदीला मुक्कामाला हायत. उद्या जायाचं. म्हणायचं, महाराज, पाणी परत द्या. तेच्या बदली तंबाखू घ्या. वखार बंद."

"आई, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?" वृषभ.

"माझं हाय. तुझ्या बापाचा जबडा राहतोय का ते बघ."

"व्रत मोडायला लावतीस तू आप्पांस्नी? लोक काय म्हणतील? सगळी निपाणी नाव काढत्या, मगदूमांनी सूट ठेवली न्हाय म्हणून."

"लोकांचा जबडा न्हाय कापायचा."

"आप्पा, तुमी ऐकू नका. तुमचं व्रत लई मोठं हाय. धरून ऱ्हावा."

सुकुमारनं मान वळवून मुलाकडे बघितलं. पेला ओठाशीच होता.

"लई मोठं हाय व्हय रं?"

"व्हय आप्पा."

"आनि वखार?"

"वखारीचा काय संबंध?"

ब्राह्मी हसली. तिचं हसणं आम्हाला आवडतं. त्याचं तोंड आणखी कोरडं पडतं. "बघा. पोरगं तुमच्यावरच गेलंय. बापाचं हाड देतंय, बोद देत न्हाय."

"आई, तोंड सांभाळ!"

"सांभाळते की. माझं धड हाय अजून."

सूर्य मावळला. पेल्यात घोटभर पाणी उरलं होतं. सुकुमारनं पेला खाली ठेवला. ब्राह्मीनं तो उचलला, त्याच्या नाकासमोर धरला, थोडा वेळ तसाच धरला आणि तुळशीच्या कुंडीत ओतला.

"उद्या जाऊया," तो म्हणाला.


तवंदीला महाराज एका साध्या खोलीत लाकडी पाटावर बसले होते. सुकुमार आणि ब्राह्मीनं वंदन केलं. वृषभ खाली गाडीतच थांबला. वर येणार नाही म्हणाला.

वाटेत सुकुमारनं वाक्य तयार केलं होतं. ओठ मिटून पुन्हा पुन्हा घोळवलं होतं, म्हणून आम्हाला पाठ झालं: महाराज, तंबाखू सोडली, वखार बंद केली, मला रात्रीचं पाणी परत द्या.

त्यानं आजार सांगितला. डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. जीभ टाळूला चिकटत होती, शब्द सोलून काढावे लागत होते. वाक्य पुढच्या दातांपर्यंत आलं.

तेवढ्यात महाराज म्हणाले, "त्या दिवशी मी सूट ठेवायला सांगितलं होतं. ठेवली नाहीत, तो हट्ट होता. व्रत अहंकारासाठी नसतं. आता तुम्हाला झेपेल तसं प्रायश्चित्त घ्या, जाप करा, आणि शरीर टिकेपर्यंत रात्री पाणी आणि औषध घ्या. मोकळीक आहे."

संपलं. बदल्यात काही मागितलंच नाही.

वाक्य दातांच्या मागे उभं होतं. सुकुमारनं ते गिळलं. लाळ नव्हती, त्यामुळे गिळताना त्याला त्रास झाला. ठसकला.

"अजून काही बोलायचं आहे?" महाराजांनी विचारलं.

ब्राह्मी त्याच्याकडे बघत होती.

"न्हाय, महाराज."

बाहेर आल्यावर ती पायरीवरच थांबली. "सांगायचं ते ऱ्हायलं की."

"त्यांनी मागितलंच न्हाय."

"मी मागते."

"तू काय महाराज हाईस?"

त्या संध्याकाळपासून पाण्याची बाटली ब्राह्मीनं आपल्या हातात घेतली. उकळलेलं, गाळलेलं, कोमट. झोपायच्या आधी चूळ. पहाटे उठवून घोट. खडीसाखरेचे पुडे तिनं गोठ्यात नेऊन म्हशीच्या आंबोणात ओतले. निशानं दिलेलं जेल साच्यात भरून ती त्याच्या दातांवर स्वतः बसवायची, दाबून, कळ येईल इतकं.

"दुखतंय गं!"

"दुखू दे."

आमचे दिवस फिरले. रात्री आंबट साचेना. आम्ही खाचांत मागे सरकलो. डाव्या खालच्या दाढेत आम्ही खोल गेलो होतो. ती मात्र धरून ठेवली. पुढच्या वेळी निशानं आरसा घातला आणि म्हणाली, "थांबलंय. ही दाढ वाचवू आपण, उपटायची नाही. तुम्ही केलं?"

"मी केलं," ब्राह्मी म्हणाली.

"मग तुम्हीच करत राहा. यांच्यावर सोडू नका."

जबडा राहणार होता. असं सगळ्यांना वाटलं. आम्हालासुद्धा.


थुंक

नवा माल आला. सांगलीकडचा एक मोठा व्यापारी, भरमा चौगुले, वखारीत येऊन बसला. ऊन चांगलं होतं, दार सताड उघडं. चाळणीवरच्या बायका तोंडाला फडकी बांधून काम करत होत्या, त्यांत यल्लाप्पाची दुर्गाबाईही. सुकुमार बऱ्याच दिवसांनी वखारीत आला होता, खुर्चीवर. ब्राह्मी दाराशी स्टुलावर, मांडीवर बाटली.

वृषभनं बोद फोडलं.

"शेठ," भरमा म्हणाला, "तुमी सांगा बघू. तुमच्या तोंडाचा भरवसा."

सुकुमारनं नकाराची मान हलवली. त्यानं मागे एकदा, एकटा असताना, चिमूट तोंडात टाकून बघितली होती. आम्ही साक्षी आहोत. वाळू. लाळेशिवाय पानातून काही उतरत नाही. ब्राह्मीला कळायच्या आत त्यानं ती बोटानं खरवडून काढली होती.

"त्येंची जीभ गेली आता," चाळणीवरून दुर्गाबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या मालकाची गेल्ती तशीच."

"दुर्गाबाई, काम कर," वृषभ.

"करतोय की. कान हायत म्हणून बोललो."

भरमा हसला. वृषभला ते लागलं. "आप्पा नसले तर मी हाय. म्या सांगतो." आणि त्यानं बोटाच्या चिमटीत तंबाखू धरली, मान तिरकी केली, आणि डाव्या गालात सारली. डोळे मिटले. बापासारखाच.

सुकुमार खुर्चीतून उठला.

"थुंक."

वृषभनं डोळे उघडले नाहीत. हात वर केला, थांबा म्हणून.

"थुंक रं!"

"आप्पा, सौदा हाय," तो तोंड मिटूनच म्हणाला.

सुकुमारनं डाव्या हातानं त्याचा जबडा धरला आणि उजव्या हाताचं बोट सरळ तोंडात घातलं. वृषभनं दात मिटले. बोटावर. मुद्दाम. दोघं तसेच उभे, नाकाला नाक लागेल इतके जवळ, बाप ओरडला नाही आणि मुलानं सोडलं नाही. चाळणी थांबली. मग सुकुमारनं बोट वाकवलं, गालातली गोळी ओढली आणि बाहेर काढली. बोटाला रक्त. तळहातावर तंबाखूचा ओला, काळपट, चकाकणारा गोळा, तरुण लाळेनं निथळणारा.

ब्राह्मी उभी राहिली होती. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडे असं बघितलं नसेल. तिच्या हातातली बाटली उघडली होती, त्याला द्यायला.

"वा!" भरमा म्हणाला. "पोराच्या तोंडातनं काढून घेतलासा म्हंजे तुम्हालाच सांगायचं दिसतंय. सांगा की मग शेठ. का खरंच गेली जीभ?"

बायका बघत होत्या. हमाल बघत होते. दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. मागून कुणीतरी हळूच काहीतरी म्हणालं, आम्हाला नीट ऐकू आलं नाही. त्याला आलं.

त्याचे दात आवळले गेले. मग उघडले.

त्यानं तळहात तोंडाला लावला आणि तो गोळा, मुलाच्या लाळेसकट, आपल्या डाव्या गालात सारला.

ओल आली! किती दिवसांनी. परकी, कोमट, भरपूर. पानाचा अर्क तिच्यातून जिभेवर उतरला, पसरला. सुकुमारनं डोळे मिटले.

"सौंदलगा," तो म्हणाला. "वड्याकाठची. एक पाणी कमी पडलंय."

भरमानं मांडीवर थाप मारली. "आली की जीभ!"

"आप्पा!" वृषभ हसत होता, ओठावर बापाचं रक्त. "बराबर! सौंदलगाच हाय!"

ब्राह्मी पुढे आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मुलाच्या तोंडाकडे बघितलं.

"उष्टं," ती म्हणाली. "पोराचं उष्टं खाल्लासा. ते बी हे."

तिनं बाटली उलटी केली आणि सगळं पाणी उघड्या बोदावर ओतलं. वृषभ ओरडला, माल भिजतोय म्हणून. ती थांबली नाही. शेवटचा थेंब झटकला, रिकामी बाटली सुकुमारच्या खुर्चीवर ठेवली आणि स्टँडच्या रस्त्याला लागली. खानापूरला तिचा भाऊ आहे. जाताना दुर्गाबाईपाशी क्षणभर थांबली.


आता पद्धत अशी

बोद फुटलं की आधी मुलगा चघळतो. ओलं झालं की बापाच्या तळहातावर देतो. बाप ते गालात धरतो आणि गावाचं नाव सांगतो. चुकत नाही. लांबून व्यापारी बघायला येतात.

रात्री बाटली देणारं घरात कुणी नाही. खडीसाखरेचा पुडा परत आला. आम्ही परत आलो. डाव्या खालच्या दाढेत जिथे थांबवलं होतं, तिथूनच पुढे. परवा भाकरीचा मऊ तुकडा चावताना ती दाढ हिरडीपाशी मोडली. सुकुमारनं ती तळहातावर घेऊन बघितली आणि खिशात टाकली. निशाकडे गेला नाही. खाली बुंधा सडतो आहे. त्याच्याखाली हाड आहे. किरण बसलेलं, थकलेलं, रक्त कमी पोचणारं हाड. आम्ही पोचतो आहोत.

बाकी सांगायचं काही

    थांबा. आम्ही आहोत. जुने.
    ते नव्हे, त्यांच्या जातीचे. मुलाच्या तोंडातले. त्याच्या लाळेबरोबर रोज इथे येतो, गोळ्यावर बसून. इथे टिकत नाही आम्ही, आंबटात थोडा वेळच जगतो. तेवढ्यात सांगतो.
    तिकडून आलो आहोत आम्ही. वृषभच्या डाव्या गालातून. तिकडे लाळ आहे, ओल आहे, सगळं आहे. आणि चिमूट ठेवतो तिथे, गालाच्या भिंतीवर, पांढरा चट्टा आला आहे. नखाएवढा. त्याला अजून कळलेला नाही. कुणीतरी त्याच्या आईला सांगा, खानापूरला, की

बडबडे.